पाटल्या गहाण ठेवून वेल्डिंग मशीन घ्यावं का?

देवबागच्या एका वाचकाच्या पर्यटकांना फिरवायच्या दोन बोटी आहेत, दोन्हींना एकाच मॉडेलचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून लावलेलं इंजिन. खाडीच्या मुखाशी वाळूचे पट्टे सरकतात आणि पंख्याखालची फिन आपटून तुटते. गेल्या वर्षी तीनदा वेल्डिंग केलं, 14,000 रुपये गेले. आता अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग स्वतः शिकायचं आणि पत्नीच्या पाटल्यांवर 12 टक्क्यांनी 1,10,000 रुपये उचलून मशीन, सिलिंडर, हेल्मेट घ्यायचं, असा विचार आहे.

शिका, जरूर शिका. पण कर्ज काढू नका. वर्षाचं व्याजच 13,200 होतं आणि वाचणार जास्तीत जास्त 14,000. त्यातूनच आर्गॉन गॅस, जोडात भरायचा फिलर रॉड, वीज. मुद्दल फेडायला हातात काही उरतच नाही. स्वस्तातलं डीसी इन्व्हर्टर मशीन घेऊनही भागणार नाही. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर 2,000 अंशांच्याही वर. तो फोडायला अशा कामात सहसा एसी टिग लागतं, म्हणजे एसी प्रवाहावर आर्गॉनच्या आवरणात वेल्डिंग करणारं मशीन.

उत्तर लिहिण्याआधी मी एका वर्कशॉपमध्ये तासभर उभा राहिलो. कारागिराने समुद्रातून आलेला गिअर केस (इंजिनाचा पाण्यात राहणारा खालचा भाग, फिन त्यालाच असते) घासून, पुसून, गरम करून घेतला, तरी पहिल्या टाक्यात काळे बुडबुडे आले. धातूत मुरलेलं मीठ आणि तेल. त्याने ते ग्राइंडरने काढलं, पुन्हा भरलं, तीनदा. हा वीस वर्षांचा हात! फिनवर चुकलात तर पुन्हा करता येईल. बेअरिंग किंवा सीलजवळ उष्णतेने केस वाकला, तर अख्खा केसच गेला.

तुमचं खरं नुकसान पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे: दिवाळीत एक बोट सहा दिवस बंद, रोजचे 4,000 बुडाले. म्हणजे 24,000. तुम्ही म्हणाल, घरी मशीन असतं तर हे दिवस वाचले असते. कदाचित. पण ऐन हंगामात, गिऱ्हाईक किनाऱ्यावर थांबलेलं असताना नवशिक्या हाताने जोडलेल्या फिनवर माणसं बसवाल? त्यापेक्षा त्याच मॉडेलचा चांगल्या अवस्थेतला जुना गिअर केस शोधा. 30-35 हजारांत मिळाला तर साठवलेल्या पैशातून घ्या. मेकॅनिक अर्ध्या दिवसात बदलून देईल, तुटलेला सावकाश दुरुस्तीला जाईल. दोन्ही बोटींना तो एकच पुरतो, आणि आतले गिअर गेले तरी उपयोगी पडतो.

शिकण्यासाठी 10-12 हजार बाजूला काढा. पावसाळ्यात बोटी वर ओढल्यावर एखाद्या फॅब्रिकेटरकडे दोन महिने बसा. मशीन त्याचं, गॅस त्याचा, भंगारातला गिअर केस तुमचा. दोन पावसाळ्यांनंतर शेजारच्या बोटवाल्यांची महिन्याला चार-पाच कामं येऊ लागली, तर मशीनचा हिशेब धंद्याचा होईल. मग सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या किशोर गटात 50,000 ते 5 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं, तारणाशिवाय. तेव्हा घरच्या मीटरचा मंजूर भारही तपासा, नाहीतर वाढीव भाराचा खर्च वेगळा.

फॅब्रिकेटरशी मात्र मे संपायच्या आत बोलून ठेवा.