नखाने वळ उमटणारं लाकूड उघड्यावर टिकतं का?

प्रश्न : कॅलिफोर्नियात मुलीकडे आले आहे. तिच्या घरामागचा डेक रेडवूडचा आहे. खुर्ची सरकवली तरी फळीवर चरा पडतो, इतकं मऊ लाकूड पावसात टिकेल? शिवाय हजार वर्षांची झाडं तोडून केलेली ही फळी पायाखाली घ्यायला मन धजत नाही.

उत्तर : ताई, लाकूड मऊ असणं वेगळं आणि ते कुजणं वेगळं. चरे पडतील, ते पडू द्या. मी उत्तर कॅलिफोर्नियात बरीच वर्षं सुतारकाम केलं. रंध्याखाली इतकं सहज येणारं आणि तरीही ऊनपावसाला पुरून उरणारं दुसरं लाकूड माझ्या हाती आलं नाही.

सगळी ताकद गाभ्यात आहे. रेडवूडचा ओंडका आडवा कापला की मधला भाग विटेसारखा तांबडा दिसतो, सालीलगतचा पट्टा मात्र पांढुरका. तांबड्या भागात टॅनिनसारखी द्रव्यं असतात, ती बुरशीला आणि वाळवीला मानवत नाहीत. पांढुरक्या भागाला हे संरक्षण नसतं आणि ओल धरली की तो लवकर जातो. उन्हाने डेक राखाडी पडला असेल तर फरक दिसणार नाही. फळीच्या कडेला थोडं घासून बघा. पांढरी फळी मातीला टेकलेली किंवा पाणी साचतं तिथे असेल, तर तेवढी बदलून घ्या.

खिळेही बघा. सुरुवातीला मी एका कुंपणाला साधे लोखंडी खिळे मारले होते. पहिल्याच पावसानंतर प्रत्येक खिळ्याखाली काळा ओघळ, काजळ उतरावं तसा. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते. पूर्वी लिहायची काळी शाई याच मेळातून करत. ते डाग काढता काढता माझे दोन दिवस गेले. तेव्हापासून स्टेनलेस स्टीलशिवाय मी रेडवूडला हात लावला नाही.

हे लाकूड वाळताना फार आकसत नाही, म्हणून पूर्वी त्याच्या पाण्याच्या टाक्या, वाइनची पिंपं, अगदी नळसुद्धा करत. रेल्वेचे स्लीपरही याचेच.

तुमच्या मनातली रुखरुख मात्र अगदी रास्त आहे. मूळ जंगलापैकी जेमतेम 5 टक्के उरलंय. पण आज वखारीत मिळणारी फळी बहुतेक तोडीनंतर पुन्हा वाढलेल्या झाडांची असते. तिची वर्षवलयं रुंद असतात, टिकाऊपणाही जुन्या लाकडाइतका नसतो. जुनं लाकूड हवंच असेल तर मोडलेल्या कोठारांचं किंवा टाक्यांचं घ्यावं. बुंध्यावरच्या गाठीचं नक्षीदार टेबल मात्र ती गाठ कुठून आली हे कळल्याशिवाय घेऊ नका. चोर रात्री जिवंत झाडांच्या गाठी करवतीने कापून नेत, त्यामुळे 2014 मध्ये रेडवूड उद्यानातला एक रस्ता रात्रीचा बंद करावा लागला. झाडाला इजा झाली तर नवे कोंब त्या गाठीतूनच फुटतात, म्हणून मला त्या चोरीचा फार राग येतो.

परत येण्याआधी एकदा मुलीबरोबर त्या जंगलात जाऊन या. शंभरेक वर्षांपूर्वी तोडलेल्या खोडांवर माणसाच्या डोक्याच्याही वर खाचा दिसतील. त्यांत फळ्या खोवून, त्यांवर उभे राहून लाकूडतोडे करवत चालवत. आणि त्याच खोडाभोवती, त्याच मुळांतून उठलेली झाडं गोल करून उभी असतील.