पंधरा जणांच्या वर्गाविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी लहान चर्चावर्गाचा प्रस्ताव तू अभ्यासमंडळापुढे ठेवणार आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तुझा मसुदा मी दोनदा वाचला. त्यातली कळकळ पानोपानी जाणवते. परंतु ज्यांनी तो मंजूर करायचा आहे, त्यांना या वर्गात दर आठवड्याला नेमके काय घडणार आहे हे अजून त्यातून कळत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी नावाविषयी. 'सेमिनार' किंवा 'चर्चासत्र' म्हटले की आपल्याकडे बीजभाषण, निबंधवाचन आणि प्रमाणपत्रे असलेला दोन दिवसांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, आणि बैठकीतला निम्मा वेळ हा गैरसमज दूर करण्यातच जातो. तू 'चर्चावर्ग' हाच शब्द ठेव आणि पहिल्या परिच्छेदातच लिही की पंधरा विद्यार्थी, एक शिक्षक, दर आठवड्याला मूळ साधनातली, म्हणजे त्या काळच्याच दस्तऐवजातली, दोन-तीन पाने, आणि त्यांवर प्रत्येकाने बोलणे व लिहिणे, एवढाच याचा अर्थ आहे. हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षासाठी असे वर्ग १९५९ पासून चालतात, हा दाखला द्यायला हरकत नाही. मात्र तो एका वाक्यात दे, कारण तिथल्या सोयींशी तुलना सुरू झाली की चर्चा आपल्या विद्यार्थ्यांपासून दूर जाते.

विषयाबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. 'एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र: समाज आणि शिक्षण' हे शीर्षक पदव्युत्तर वर्गालाही पेलवणार नाही. मी पहिल्यांदा असा वर्ग घेतला तेव्हा माझाही विषय जवळपास हाच होता. तो इतका विस्तीर्ण होता की मुलांना काही विचारण्याआधी पार्श्वभूमी सांगणे मला भाग पडे, आणि तासातली चाळीस मिनिटे मीच बोलत असे. चर्चावर्ग म्हणून मंजूर झालेला तो वर्ग तिसऱ्या आठवड्यापासून साधे व्याख्यान होऊन बसला. दुसऱ्या वर्षी मी सगळे बाजूला ठेवून एकच दस्तऐवज घेतला: जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, सादर केलेले निवेदन.

ते निवेदन काही पानांचेच आहे, पण पूर्ण सत्र पुरून उरते. पहिल्या तासाला मी मजकूर दिलाच नाही. निवेदन देणाऱ्याने सहीखाली स्वतःची ओळख कशी करून दिली आहे, तेवढे फळ्यावर लिहिले: व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य. ज्यांनी मुलींसाठी शाळा काढली, ते शिक्षणविषयक आयोगासमोर सही करताना स्वतःला शिक्षक का म्हणवत नाहीत? या एका प्रश्नावर मुले तासभर बोलली, आणि त्याचे पक्के उत्तर माझ्याजवळही नव्हते. पुढे तर प्रत्येक परिच्छेदाने प्रश्न दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही मागणी त्यात आहे. सरकारचा बराचसा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा युक्तिवाद आहे. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध (म्हणजे देवनागरी) लेखन-वाचन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, अशी तपशीलवार यादी आहे. मोडी कशासाठी, हे त्या वर्गातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. एका मुलीने घरच्या जुन्या कागदांचे छायाचित्र आणले आणि पुढचा आठवडा त्यातच गेला.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत खुला ऐच्छिक विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो, हे अनेक सहकाऱ्यांना अडचणीचे वाटते. मला ते तुझ्या प्रस्तावाचे बळ वाटते. तुझ्याकडे वाणिज्याची आणि विज्ञानाची मुले येतील. शिक्षकांच्या पगाराविषयी फुले काय सुचवतात हे वाचताना माझ्या वर्गातल्या वाणिज्याच्या एका मुलाने विचारले की त्या काळी कारकुनाला, शिपायाला, मजुराला किती मिळत असे आणि धान्याचा भाव काय होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याकडून हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. जुन्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, भाव शोधायला तो स्वतः ग्रंथालयात गेला.

आता संख्येचा प्रश्न. 'फक्त पंधराच विद्यार्थी का?' हे तुला नक्की विचारतील, आणि कार्यभाराचा हिशेब मांडणाऱ्यांचे ते कामच आहे, तेव्हा राग मानू नकोस. या विषयाच्या दोन श्रेयांकांपैकी (क्रेडिटपैकी) एक सैद्धांतिक आणि एक प्रात्यक्षिक ठेव, म्हणजे पंधरा तास आणि तीस तास. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला तुकड्या पाडाव्या लागतात हे सर्वांना मान्य असते. दस्तऐवज वाचणे हेही हातांनी करायचे काम आहे आणि ते शिकवणाऱ्याच्या नजरेसमोरच व्हावे लागते, हे तुला त्याच भाषेत पटवून देता येईल.

शिकवताना सर्वांत अवघड जाते ते आपण गप्प राहणे. प्रश्न विचारल्यावर पहिली काही क्षणांची शांतता असह्य होते आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. बारावीपर्यंत गाइड आणि तयार नोट्स यांवर वाढलेल्या मुलांना शिक्षक थांबल्यावर काय करायचे हे कुणी शिकवलेलेच नसते, त्यामुळे ती शांतता त्यांनाही नवी असते. मी एक उपाय केला: वर्गात येताना प्रत्येकाने एका चिठ्ठीवर मजकुरातली एक ओळ आणि तिच्याविषयीचा एक प्रश्न हाताने लिहून आणायचा. कोणी बोलले नाही तर मी चिठ्ठी उचलून वाचत असे, आणि ती लिहिणाऱ्याला बोलावेच लागे. मूळ निवेदन इंग्रजीत आहे, म्हणून त्याशेजारी मराठी भाषांतरही दे आणि चर्चा मराठीत होऊ दे. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसतात. पण भाषांतरात एखादा शब्द का निसटला, हे दाखवायची वेळ आली की तीच सर्वांच्या पुढे असतात.

बाके जमिनीला ठोकलेली असतील तर ग्रंथालयाचे मोठे टेबल मागून घे.

मूल्यमापन साधे ठेव. दर आठवड्याला अर्धे पान वर्गातच लिहून घे आणि पुढच्या तासाला शेरा लिहून परत कर; पंधरा अर्धी पाने एका संध्याकाळी तपासून होतात, साठ होत नाहीत, आणि संख्येच्या आग्रहामागचे खरे कारण हेच आहे. सत्राच्या शेवटी प्रत्येकाशी दहा मिनिटे त्याच्याच लिखाणावर तोंडी बोलणे पुरे.

मसुद्यातले चौथ्या आणि नवव्या आठवड्याचे विषय काढून टाक. ते केवळ अभ्यासक्रम भरलेला दिसावा म्हणून आले आहेत. रिकाम्या झालेल्या दोन आठवड्यांत मुलांना आधीच्या मजकुराकडे पुन्हा वळू दे. निवेदनाची माझी प्रत, समासातल्या नोंदींसह, टपालाने पाठवत आहे. बैठकीपूर्वी सुधारित मसुदा पाठवलास तर त्याच दिवशी वाचून कळवीन.

तुझी,
बाई