मार्कशीटवरचे ७.३ म्हणजे ७३ टक्के नव्हेत

प्रश्न : मुलगी बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. निकालावर टक्के कुठेच नाहीत. मेजर, मायनर, एमडीसी, क्रेडिट आणि खाली एसजीपीए ७.३. हे ७३ टक्के धरायचे का?
– एक आई, डिचोली

उत्तर : धरू नका, आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तर मुळीच लिहू नका. टक्के काढायचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. ते मार्कशीटच्या मागच्या बाजूला आहे का बघा, नसेल तर कॉलेजच्या ऑफिसातून लेखी घ्या. सरसकट दहाने गुणून मोकळं होणारे पुष्कळ, आणि मग छाननीत अर्ज अडकतो तो इथेच.

आता क्रेडिट. सेमिस्टरभरात वर्गातले १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. चार क्रेडिटांचा पेपर म्हणजे आठवड्याला साधारण चार तास वर्ग. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला सुमारे २०. मेजर हा पदवीचा मुख्य विषय, मायनर हा जोडीचा. एमडीसी आपल्या शाखेबाहेरचा, एईसी भाषेचा, एसईसी एखादं कौशल्य शिकवणारा आणि व्हीएसी पर्यावरण, संविधान अशा विषयांचा.

समजा, तिचे ग्रेड पॉइंट, म्हणजे प्रत्येक पेपरात दहापैकी मिळालेले पॉइंट, असे आहेत : मेजर ४ क्रेडिट, पॉइंट ८. मायनर ४ क्रेडिट, पॉइंट ७. एमडीसी ३ क्रेडिट, पॉइंट ९. एईसी २ क्रेडिट, पॉइंट ६. एसईसी ३ क्रेडिट, पॉइंट ५. व्हीएसीचे दोन पेपर मिळून ४ क्रेडिट, पॉइंट ८. प्रत्येकाचा गुणाकार करून बेरीज घ्या : ३२, २८, २७, १२, १५, ३२, एकूण १४६. भागिले २० क्रेडिट, उत्तर ७.३. हाच एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरांचा मिळून तो सीजीपीए.

या हिशोबातली मेख लक्षात घ्या. मेजरमध्ये दोन पॉइंट घसरले तर एसजीपीए ०.४ ने उतरतो. दोन क्रेडिटांच्या एईसीत तेवढेच घसरले तर ०.२ ने. अभ्यासाचे तास वाटून देताना हे बघावं. मात्र छोटा पेपर सोडून द्यायचा नाही. तो राहिला तर त्याचे क्रेडिट जमा होत नाहीत, आणि पदवी त्या दोन क्रेडिटांसाठीही थांबते.

प्रश्न : मुलाला एटीकेटी लागली. वर्ष गेलं का?
– एक वडील, केपे

उत्तर : नाही. राहिलेला पेपर डोक्यावर ठेवून पुढच्या सेमिस्टरला बसायची ती परवानगी. किती पेपरांपर्यंत ती मिळते, हे त्याच्या कोर्सच्या नियमांत पाहा. तो पेपर आयएसएत, म्हणजे सेमिस्टर चालू असताना होणाऱ्या चाचण्यांत राहिला की शेवटच्या परीक्षेत, हे आधी विचारा. पुन्हा नेमकं काय द्यायचं ते त्यावर ठरतं. आणि परीक्षेचा फॉर्म आपोआप भरला जात नाही. तारीख चुकली की आणखी एक सेमिस्टर गेलं.

प्रश्न : एका वर्षाने सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं म्हणतात. खरं का? आणि एबीसी आयडी कशाला लागतो?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : गोव्यात २०२३-२४ पासून नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीचे वर्ग सुरू झाले, त्यात ही सोय आहे, पण नुसतं वर्ष बसून भागत नाही. ४० क्रेडिट हवेत, शिवाय व्यवसायाशी निगडित कोर्सचे किंवा इंटर्नशिपचे ४. दोन वर्षांनी डिप्लोमा, त्याला ८० आणि ४. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. चौथं वर्ष केलं तर १६० क्रेडिटांची ऑनर्स.

हे क्रेडिट जिथे जमा होतात ते खातं म्हणजे एबीसी, आणि त्याचा १२ आकडी नंबर म्हणजे आयडी. डिजिलॉकरमधून तो काढताना नाव आधारवरचं येतं. घोटाळा इथेच होतो : आधारवर गावकरचं इंग्रजी स्पेलिंग 'यू'ने, बारावीच्या मार्कशीटवर 'ओ'ने, किंवा एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे नाहीच. नाव जुळलं नाही की क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. कॉलेजात नोंद बारावीच्या मार्कशीटवरून होते, म्हणून मार्कशीट बरोबर असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. चूक मार्कशीटवरच असेल तर शाळेमार्फत पर्वरीला गोवा बोर्डाकडे अर्ज करा. दोन्ही कामं प्रवेशाच्या गर्दीआधी उरकावीत.

प्रश्न : बोनाफाइड, टीसी, मायग्रेशन यांत फरक काय?
– एक आजोबा, फोंडा

उत्तर : मूल सध्या इथे शिकतं, हे सांगणारं बोनाफाइड, कदंब बसच्या विद्यार्थी पाससाठी विचारतात ते हेच. सोडून गेलं, हे सांगणारी टीसी. बोर्ड किंवा विद्यापीठ बदलताना लागतं ते मायग्रेशन. ते कॉलेज नव्हे, बोर्ड किंवा विद्यापीठ देतं. नात कोल्हापूरला किंवा बेळगावला जाणार असेल तर त्याचा अर्ज निकाल लागताच टाका. आणि टीसीची मूळ प्रत देण्याआधी तिच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.