कमी तेलाचा नागपुरी रस्सा

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय 52 असून त्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले आहे. डॉक्टरांनी तेल व मीठ निम्म्यावर आणायला सांगितले आहे. आमच्या घरी मात्र रश्श्यावर तर्री दिसली नाही तर सासऱ्यांपासून मुलांपर्यंत कोणीच नीट जेवत नाही. तेल कमी करून पाहिले, तर मसाला कच्चट लागला आणि रस्सा पाण्यासारखा झाला. दाटपणासाठी खोबरे व खसखस वाढवले तर चालेल का? तसेच पूर्वीप्रमाणे जवसाचे तेल वापरावे का? – एक वाचक भगिनी, महाल, नागपूर

उत्तर : आपली अडचण नागपुरातील बहुतेक घरांची आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहे. आधी तेलाचा हिशेब पाहू. चौघांच्या भाजीला अर्धी वाटी तेल घालणे आपल्याकडे कोणाला जास्त वाटत नाही. परंतु वाटी दीडशे मिलिलिटरची धरली, तर ते सुमारे 68 ग्रॅम, म्हणजे 600 हून अधिक कॅलरी होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला 17 ग्रॅम तेल येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरले आहे. एका वेळच्या रश्श्यातच त्यातील बराचसा भाग संपतो. पोळीचे तूप, फोडणीचे वरण आणि संध्याकाळचा चिवडा अजून बाकीच असतो.

तेल कमी केल्यावर मसाला कच्चट लागला, याचे कारण बहुधा असे की आपण तेल कमी केले, पण भाजण्याची पद्धत तीच ठेवली. भरपूर तेलात मसाला आपोआप तळला जातो. तेल थोडे असेल तर हे काम आधीच कोरड्या भाजणीने उरकावे लागते. कांदे सालीसकट जाळीवर किंवा थेट आचेवर बाहेरून काळे आणि आतून मऊ होईपर्यंत भाजावेत आणि जळालेली साल काढून टाकावी. धणे, जिरे, लवंग, कलमी (दालचिनी), दगडफूल हे मंद आचेवर कोरडेच भाजावे. दगडफूल शेवटी घालावे, कारण ते चटकन करपते आणि मग सगळा रस्सा कडवट होतो. कांदा, आले, लसूण व मसाला एकत्र करून गंधासारखे बारीक वाटावे. वाटण जाडसर राहिले तर ते रश्श्यात मिळून येत नाही, खाली बसते आणि वर नुसते पाणी राहते. आपला रस्सा पाणचट होण्याचे हेही एक कारण असू शकेल.

आता प्रमाण. चौघांसाठी अर्धा किलो भाजी घ्यावी; हिवाळ्यात वांगी आणि तुरीचे ओले दाणे यांच्याइतकी चांगली जोडी नाही. लहान चमच्याने मोजून चार चमचे तेल घ्यावे. बाटलीतून कढईत थेट ओतण्याची सवय मोडल्याशिवाय तेल कमी होत नाही, हा माझा आग्रह समजा. त्यातील तीन चमचे लोखंडी कढईत तापवून वाटण परतावे, आणि ते खाली लागू लागले की आणखी तेल न घालता दोन चमचे गरम पाणी शिंपडावे. पाणी आटले की पुन्हा परतावे, पुन्हा शिंपडावे. असे दहा-बारा मिनिटे केल्यावर वाटणाचा रंग गडद होतो, कच्चा वास जातो आणि गोळा कढईच्या कडा सोडू लागतो. मग टमाटर, हळद, भाजी व उकळते पाणी घालून झाकण ठेवावे. थंड पाणी घालू नये, त्याने रस्सा मोडतो.

राहिलेला चौथा चमचा तर्रीसाठी आहे. तिखटाचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून ते एक चमचा तेल छोट्या कढल्यात कोमट तापवून आच बंद करावी, त्यात भिवापुरी मिरचीचे तिखट घालावे आणि वाढण्यापूर्वी रश्श्यावर पसरावे. सासरेबुवांना लाल तवंग दिसेल आणि तेल प्रत्येकी साडेचार ग्रॅमच जाईल.

खोबऱ्याबाबत मात्र सावध राहावे. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो आणि तो मुख्यतः संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या प्रकारचा असतो. खसखशीतही तो बराच असतो. तेल वाचवून मूठभर खोबरे घातले तर हाती काही लागत नाही. चवीपुरते एक मोठा चमचा खोबरे ठेवावे आणि दाटपणा फुटाण्याच्या डाळीच्या कुटाने किंवा भाजलेल्या ज्वारीच्या पिठाने आणावा. जवसाचे तेल चांगले असले तरी जास्त आच सहन करीत नाही, लवकर खवटही होते. त्यापेक्षा जवस भाजून त्याची चटणी पानात डावीकडे वाढावी. तिच्यात मीठ मात्र बेताचेच असावे.

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट लहान चमच्याहून किंचित कमी, अशी सांगितली आहे. भाजी शिजल्यावर, आच बंद करून लिंबू पिळले की कमी मीठ जाणवत नाही. बाजारातील ‘कमी सोडियमचे’ मीठ स्वतःच्या मनाने सुरू करू नये. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना, तसेच रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

प्रश्न : पालक, बरबटीच्या (चवळीच्या) शेंगा हिरव्यागार राहाव्यात म्हणून मी खाण्याचा सोडा घालते. ते योग्य आहे का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. सोड्यामुळे ब गटातील काही जीवनसत्त्वे, विशेषतः थायमिन, नष्ट होतात, शेंगा गिळगिळीत होतात आणि सोडियम वाढते ते वेगळेच. पाणी खळखळून उकळल्यावर भाजी घालून झाकण न ठेवता थोडा वेळ शिजवली तरी रंग टिकतो.

प्रश्न : कुकरमध्ये भाजीतील सत्त्व निघून जाते, असे आई म्हणते. खरे आहे का? – एक वाचक, इतवारी

उत्तर : कुकरमध्ये वेळ कमी लागतो आणि पाणीही थोडेच लागते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तासभर रटरटवण्यापेक्षा नुकसान कमीच होते. खरे नुकसान भाजी चिरून मग धुण्यात आणि शिजवलेले पाणी ओतून देण्यात आहे. ते पाणी वरणात किंवा कणीक भिजवताना वापरावे.