मुलगी (चौथीत) अडखळत बोलते, टीचर सगळ्यांसमोर "गाडी अटक गई क्या?" म्हणतात. इंदूरात तक्रार कुठे करू?

आधी टीचरना एकटं गाठून बोला आणि त्याच दिवशी प्रिन्सिपलना लेखी अर्ज द्या, हिंदीतच द्या, आणि कॉपीवर पावती म्हणून शाळेचा शिक्का घ्या, नुसतं पीटीएममध्ये बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई २००९) कलम १७ मध्ये मारण्यासोबत मानसिक छळालाही बंदी आहे, त्यामुळे "मजाक में कहा था" चालत नाही. मी स्वतः स्पीच थेरपी करते, असे पालक नेहमी येतात, आणि नुसती तक्रार लिहिण्यापेक्षा नेमकं काय हवंय ते लिहिलं की शाळा लवकर ऐकते, म्हणजे:

- हजेरीला "प्रेझेंट मॅम" ऐवजी हात वर केला तरी चालेल (प वर अडकणाऱ्या मुलांची तर पहिल्या पिरियडलाच वाट लागते)
- धडा मैत्रिणीबरोबर एका सुरात वाचू द्यावा, असं वाचताना अडखळणं बहुतेक मुलांचं खूप कमी होतं
- "आराम से बोलो" म्हणू नये, तिचा शब्द आपण पूर्ण करू नये

सोबत थेरपिस्टचं पत्र जोडलंत तर उत्तम. तरी शाळा ढिम्म राहिली तर जिल्हा शिक्षण अधिकारी, नाहीतर सीएम हेल्पलाइन १८१, आणि त्यावर भोपाळचा बाल आयोग. फक्त एक, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या भरवशावर राहू नका, नुसत्या अडखळण्यावर ते सहसा मिळत नाही.