जुन्या नोकरीची आठवण येणे हा अविश्वास आहे का?

वाचक भगिनीचे पत्र

मी बरीच वर्षे एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करत होते. शेवटच्या काळात वरिष्ठ मला खोट्या बिलांवर सह्या करायला लावू लागले. भीतीपोटी काही सह्या मी केल्याही. पुढे नकार देऊ लागले, तेव्हा चारचौघांत अपमान, जादा काम आणि रजा नाकारणे सुरू झाले. पुष्कळ प्रार्थना करून मी राजीनामा दिला. देवाने मला कसे सोडवले याची साक्ष मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभेत, दिली आणि त्या रविवारी पाळकांनी तांबड्या समुद्रावर संदेश देताना माझे उदाहरण घेतले. त्यानंतर कित्येक महिने काम मिळाले नाही. आता मिळाले आहे, पण पगार पूर्वीच्या निम्मा आहे. घरात ताण आहे, आणि माझ्या हाताखाली आलेल्या नव्या मुलीवर मी उगाचच चिडते. अशातच जुन्या कार्यालयातून, "परत या, पगार वाढवून देऊ," असा निरोप आला आहे. खरे सांगायचे तर मला जावेसे वाटते. मंडळीतील एक भगिनी म्हणाल्या की मिसराची (इजिप्तची) आठवण काढणारे रानातच मेले. हा माझा अविश्वास आहे का? देवानेच मला बाहेर काढले असेल, तर मग हे दिवस कशासाठी?

उत्तर

प्रभूमध्ये प्रिय भगिनी,

तुमच्या मंडळीने तुमची गोष्ट बायबलमधील निर्गमाच्या चौदाव्या अध्यायावर थांबवली, आणि तुमच्या आजच्या गोंधळाचे निम्मे कारण मला तिथेच दिसते. मिसरातील दास्यातून देवाने मोशेच्या हाती इस्राएल लोकांना कसे सोडवले, हे सांगणारे निर्गमाचे पुस्तक चाळीस अध्यायांचे आहे. चौदाव्या अध्यायात समुद्र दुभंगतो, पंधराव्यात मोशे आणि इस्राएल लोक स्तोत्र गातात, मिर्याम हाती डफ घेते, आणि त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात ती माणसे तीन दिवस पाण्यावाचून चालतात व अखेर मारा येथे पोहोचल्यावर सापडलेले पाणी तोंडात धरवत नाही इतके कडू निघते. गीत आणि कडू पाणी यांच्यामध्ये फक्त तीन दिवस आहेत. त्या तहानेमुळे समुद्र ओलांडल्याची घटना खोटी ठरली नाही, आणि त्या घटनेमुळे तहानही लागायची राहिली नाही. तुमचा राजीनामा देवाच्या प्रेरणेने दिलेला होता की नव्हता, याचा निकाल नंतरच्या बेकारीच्या महिन्यांवरून लावू नका, एवढेच मला आधी सांगायचे आहे.

तेराव्या अध्यायातील एक वाक्य आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती, तरी देवाने लोकांना त्या वाटेने नेले नाही, कारण लढाई दिसताच ते मन बदलून मिसराकडे परत फिरतील, असे त्याने म्हटले. म्हणजे परत फिरण्याची इच्छा या लोकांच्या मनात उठणार, हे देवाने वाट ठरवतानाच गृहीत धरले होते. तुमच्या मनात तशी इच्छा उठली म्हणून तो चकित झाला असेल किंवा त्याने तुमचा हात सोडला असेल, असे मानायला या पुस्तकात आधार नाही. तरीही तुमचे कामावाचूनचे महिने म्हणजे देवाने मुद्दाम नेलेली लांबची वाट होती, असे मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही, आणि तसे ठामपणे सांगणाऱ्या कोणाचेही तुम्ही ऐकून घेण्याची गरज नाही.

आता त्या भगिनींच्या बोलण्याकडे वळते. त्यांचा इशारा निराधार नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात रानातील याच घटनांची यादी देऊन त्या आपल्याला बोध व्हावा म्हणून लिहिल्या आहेत, असे म्हटले आहे, आणि त्या यादीत कुरकुरही येते. परंतु ती पिढी रानात का संपली, हे बायबलमधील गणना या पुस्तकाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत स्पष्ट आहे. देवाने देऊ केलेला कनान देश हेरून आलेल्या बारा जणांपैकी दहा जणांचे भयभीत वर्तमान ऐकून लोकांनी त्या देशात पाऊल टाकायचे नाकारले आणि नवा पुढारी नेमून मिसराला परत जाण्याचा बेत केला. शिक्षा झाली ती त्या निर्णयानंतर. त्याआधी, सीनाय पर्वतापर्यंतच्या प्रवासात, त्यांनी पाण्यासाठी कुरकुर केली तेव्हा त्यांना पाणी मिळाले, आणि मांसाच्या भांड्यांची आठवण काढून कुरकुर केली तेव्हा संध्याकाळी लावे व सकाळी मान्ना, म्हणजे देवाने रानात पुरवलेले अन्न, मिळाला.

पुढे गणनाच्या अकराव्या अध्यायात मात्र मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडणाऱ्या लोकांवर देवाचा कोप झाला, ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तो अध्याय पूर्ण वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर मला तिथेच सापडते. त्याच अध्यायात मोशेही तक्रार करतो, आणि त्याची तक्रार लोकांपेक्षा सौम्य मुळीच नाही. या सर्व लोकांना मी गर्भात वाहिले आहे काय, हा भार मला एकट्याला पेलवत नाही, असेच वागवायचे असेल तर मला मारून टाक, अशा अर्थाचे तो देवाला सुनावतो. त्यावर देव त्याला दटावत नाही. तो त्याला सत्तर वडील गोळा करायला सांगतो, म्हणजे भार वाटला जाईल. दोन्ही तक्रारींत निराशा आहे आणि कडवटपणाही आहे, पण लोक आपापल्या डेऱ्याच्या दाराशी बसून देवाविषयी रडत होते आणि मोशे देवाशी बोलत होता. तुम्ही आजवर कोणत्या प्रकारची तक्रार करत आला आहात, हे तुम्हीच तपासून पाहा. माझा अंदाज असा आहे की साक्ष दिल्यापासून तुम्ही देवाशी फार जपून बोलू लागला आहात, कारण ज्याच्या विजयाची घोषणा भर सभेत केली त्याच्यापुढेच आता घर चालत नाही असे म्हणणे तुम्हाला कृतघ्नपणाचे वाटत असावे. तसे वाटून घेऊ नका. मिसरात दास असलेल्या लोकांचे कण्हणे देवाने ऐकले, असे निर्गमाचा दुसरा अध्याय सांगतो, आणि त्या कण्हण्यात नीट मांडलेली प्रार्थना कुठेच दिसत नाही.

आठवणीविषयी एक व्यावहारिक सूचना करते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात लोकांना मांसाची भांडी आणि पोटभर भाकर आठवली, परंतु भुसा न देता तितक्याच विटा मागणारे मुकादम त्यांना आठवले नाहीत, आणि नदीत फेकलेली बाळेही आठवली नाहीत. भुकेल्या माणसाची आठवण अशीच निवडक असते आणि त्याबद्दल मी त्यांना किंवा तुम्हाला दोष देत नाही. मात्र त्या आठवणीच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. एका कागदावर शेवटच्या वर्षातील घटना लिहून काढा. कोणत्या बिलांवर सही मागितली, कोणी मागितली, नकारानंतर काय झाले आणि त्या रात्री घरी आल्यावर तुमची अवस्था काय होती, हे सर्व त्यात येऊ द्या. त्या कामात खरोखर जे चांगले होते तेही लिहा, कारण ते नव्हतेच असे भासवून तुमची ओढ कमी होणार नाही.

हा कागद समोर ठेवून मग आलेल्या निरोपाचा विचार करा. मिसर हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कष्टाचे काम, कठोर वरिष्ठ किंवा पूर्वी सोडलेली जागा म्हणजे आपोआप मिसर होत नाही. दुष्काळात याकोबाच्या घराण्याला धान्य मिळाले ते मिसरातच, आणि हेरोद राजाच्या भीतीने योसेफ व मरिया बाळ येशूला घेऊन गेले तेही मिसरातच. तेव्हा परत जाणे हे पाप आहे का, या प्रश्नाऐवजी परत गेल्यावर तुम्हाला कशावर सही करावी लागेल, हा प्रश्न विचारा, आणि तो त्या कार्यालयालाच लेखी विचारा. स्वतः पडताळल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करणार नाही, ही अट त्यांना मान्य आहे का? पूर्वी सह्या मागणारे वरिष्ठ अजून त्याच पदावर आहेत का? उत्तर टाळले गेले, किंवा नुसते तोंडी आश्वासन मिळाले, तर माझे मत स्पष्ट आहे की जाऊ नका, मग पगार कितीही वाढवून मिळो. लेखी होकार मिळाला, माणसे बदललेली असली आणि व्यवहार स्वच्छ झाला असला, तर परत जाण्यात तुमच्या विश्वासाचा पराभव आहे असे मी मानणार नाही. मात्र कोणतेही पाऊल उचलण्यापूर्वी, पूर्वी केलेल्या सह्यांबाबत एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या. खोट्या कागदावर ज्याची सही असते त्यालाच पुढे जाब विचारला जाण्याची शक्यता असते, आणि सध्या तुम्ही बाहेर आहात ही त्यासाठी सोयीची वेळ आहे. देवापुढे त्या सह्यांची कबुली तुम्ही दिली असेलच; दिली नसेल तर तीही द्या, म्हणजे वकिलासमोर बोलताना संकोच वाटणार नाही.

निम्म्या पगाराच्या काळासाठी सोळावा अध्याय मी तुम्हाला पुन्हा वाचायला सांगेन, पण त्याचा जसा सोपा अर्थ लावला जातो तसा मी लावणार नाही. मान्ना रोज मिळे, माणशी एक ओमर (त्या काळचे माप) पुरे, आणि साठवून ठेवलेल्यात दुसऱ्या दिवशी किडे पडत, यावरून उद्याची चिंता करू नका असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण तो घरबसल्या कोणाच्या ताटात पडत नसे. पहाटे उठून डेऱ्याबाहेर जावे लागे आणि ऊन तापण्यापूर्वी तो वेचावा लागे, कारण नंतर तो वितळून जाई. म्हणून चांगल्या कामाचा शोध थांबवू नका, अर्ज करत राहा, आणि घरचा हिशेब पुढच्या दहा वर्षांचा न मांडता या महिन्याचा मांडा, तोही एकटीने न मांडता घरातल्या सर्वांना सोबत बसवून. याच अध्यायातील दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना मिळे आणि सातव्या दिवशी वेचायला जायचे नसे. दहा आज्ञा अजून दिल्या गेल्या नव्हत्या, तरी ज्यांना मिसरात विटांच्या कामातून उसंत नव्हती त्यांना देवाने विसाव्याचा दिवस देऊन टाकला होता. तरीही काही जण त्या दिवशी वेचायला गेलेच, आणि त्यांना काहीही मिळाले नाही. तुम्हीही आठवड्यातून एक दिवस असा ठेवा की ज्या दिवशी अर्ज, हिशेब आणि जुन्या कार्यालयाचा विषय यांपैकी काहीच घरात निघणार नाही.

पाळकांना जाऊन भेटा. हे मी थोड्या रागाने लिहीत आहे, आणि तो राग तुमच्यावर नाही. ज्यांनी रविवारी तुमचे उदाहरण संदेशात घेतले, त्यांनी सोमवारी तुमचे घर कसे चालले आहे याचीही विचारपूस करायला हवी होती. कदाचित सर्व ठीक आहे अशीच त्यांची समजूत असेल, कारण तुम्ही त्यांना वेगळे काही सांगितलेले दिसत नाही. रफीदीम येथे अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याच्या बसण्यासाठी धोंडा आणला आणि दोन्ही बाजूंनी सूर्यास्तापर्यंत त्याचे हात धरून ठेवले. मोशेने थकवा लपवला असता तर तो धोंडा कोणी आणला नसता. तुम्हाला पुन्हा भर सभेत उभे राहण्याची गरज नाही. पाळक आणि विश्वासातल्या एक-दोन व्यक्ती यांना तुमची परिस्थिती आकड्यांसह सांगा, आणि मदत देऊ केली गेली तर ती नाकारू नका.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पत्रात एका वाक्यात ती लिहिली आहे. तुमच्या हाताखालच्या नव्या मुलीवर तुम्ही उगाच चिडता. निर्गम वाचताना आपण सगळेच स्वतःला इस्राएलाच्या बाजूला उभे करतो आणि फारोची, म्हणजे मिसराच्या राजाची, जागा दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकतो. पण सीनाय पर्वतापाशी देवाने याच सुटलेल्या लोकांना बजावले की परक्यावर जुलूम करू नका, कारण परक्याच्या मनाची स्थिती तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीही मिसरात परके होता. हा नियम तेविसाव्या अध्यायात आहे, आणि त्यावरून सुटून आलेला माणूसही जुलूम करू शकतो हे देव धरून चालला होता, असे दिसते. चारचौघांत अपमान झाल्यावर काय वाटते, हे तुम्हाला आता पुरते ठाऊक आहे. पुढच्या वेळी तुम्ही कामावर जाल तेव्हा तिला बाजूला बोलावून तुमच्या चिडण्यात तिचा दोष नव्हता हे सांगा, तिला नेमके कोणते काम अवघड जाते ते विचारा, आणि तिची रजा वगैरे तुमच्या हातात असेल तर तिचा पुढचा अर्ज आला त्याच दिवशी मंजूर करा.

तुमची,
ताई