तीस हजारांत होम थिएटर होतं का? आणि झालं तर संवाद ऐकू येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉल 10 बाय 14 फूट, टीव्ही 43 इंची, खिशात तीस हजार. सध्या टीव्हीला एक जुना अँप्लिफायर आणि दोन स्पीकर जोडलेत. त्यात संवाद पुटपुटल्यासारखे येतात, मारामारी सुरू झाली की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात, आणि सिनेमा थांबवला तरी मागे बारीक 'घुंऽऽ' चालूच असतं. दुकानदार म्हणतोय, पाच स्पीकर आणि वूफरवाला सेट घ्या. घेऊ का?

या रविवारपर्यंत तरी काहीही घेऊ नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी 'घुंऽऽ' नव्या सेटमधूनही येईल, कारण ते बहुधा अँप्लिफायरचं नाहीच. आणि संवादांचं दुखणं पाच छोट्या स्पीकरांनी बरं होत नाही. हे मी पैसे घालवून शिकलोय. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये दिवाळीच्या ऑफरमध्ये असाच एक सेट आला होता, खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेला क्षणभराचा आकडा) छापलेला. आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आवाज खूप आहे रे, पण बोलतायत काय?" पुढची दोन वर्षं मी त्याच एका वाक्याचं उत्तर शोधत होतो.

आधी घुंऽऽचा चोर शोधू, कारण शोधायला पैसे लागत नाहीत. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि तुम्हाला ऐकू येते ती तीच. बहुतेक वेळा होतं असं की अँप्लिफायरला अर्थिंग मिळतं तुमच्या प्लगमधून, आणि केबलवाल्याची काळी वायर येताना गच्चीवरून किंवा जिन्यातल्या बूस्टरमधून दुसरंच अर्थिंग घेऊन येते. या दोन अर्थिंगांत थोडासा जरी फरक असला तरी तो करंट ऑडिओच्या वायरीतून वाहतो आणि स्पीकर गुणगुणायला लागतो. परीक्षा सोपी आहे. घुंऽऽ चालू असतानाच सेट टॉप बॉक्सच्या मागची काळी वायर पिळून काढा. आवाज बंद झाला, तर चोर सापडला. मग केबलच्या वायरीवर लावायचा छोटा आयसोलेटर मिळतो (चॅनल येऊ देतो, अर्थिंगचा करंट अडवतो), तो बसवा. किंवा टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत ऑप्टिकल वायर टाका (अँप्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर). त्यातून फक्त उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे त्या रस्त्याने हमिंग, म्हणजे हेच घुंऽऽ, येऊच शकत नाही.

काळी वायर काढूनही घुंऽऽ राहिलं, तर वायरमनला बोलावून प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे त्याने टीव्हीमागचा बोर्ड उघडला तेव्हा वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. वीस वर्षं ते भोक शोभेचं होतं. आणि एक: तिसरी पिन तोडून टाकली की हमिंग जाते, असं सांगणारा कोणीतरी तुम्हाला भेटेलच. कधी कधी जातेही. पण तसं कधीही करू नका, धातूच्या खोक्यात वीज उतरली तर ती पिनच तुम्हाला वाचवते. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच फक्त खरखर येत असेल, तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत नाही, झटक्याझटक्याने वीज देणारा) आहे. त्यावर अँप्लिफायर चालवूच नका.

आता संवाद. सिनेमाच्या 5.1 ट्रॅकमध्ये (पाच स्पीकर आणि एक वूफर धरून केलेला आवाज) बोलणं बहुतेक सगळं एकाच स्पीकरसाठी ठेवलेलं असतं, मधल्या म्हणजे सेंटरसाठी. तुमच्याकडे सेंटर नाही, म्हणून टीव्ही ते बोलणं डाव्या-उजव्यात वाटून टाकतो, आणि तिथे आधीच संगीत, पाऊस, गाड्या, बंदुका दाटीवाटीने बसलेल्या असतात. शिवाय सिनेमाची कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर मोठ्या थिएटरसाठी ठरवलेलं. कुजबुज ऐकू यावी म्हणून तुम्ही आवाज वाढवता, आणि दोन मिनिटांनी काका दारात.

यावर आजच करण्यासारखी दोन कामं आहेत. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये नाइट मोड, ऑटो व्हॉल्यूम किंवा डीआरसी यांपैकी काही असेल तर चालू करा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक वर उचलतो. दुसरं, काही ॲपमध्ये भाषा निवडतो तिथेच 5.1 असं लिहिलेलं असतं. दोनच स्पीकर असतील तर त्याच भाषेचा साधा स्टिरिओ ट्रॅक घेऊन पाहा. बऱ्याचदा बोलणं तिथेच पुढे येतं.

तिसरी गोष्ट सेटिंगमध्ये नाही, जमिनीवर आहे. तुमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर काच, बाजूला रिकामी भिंत असणार. टाळी वाजवून पाहा. टाळीच्या मागे 'ट्रर्र' असं शेपूट ऐकू आलं, तर प्रत्येक शब्दामागेही तेच शेपूट लागतंय. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवा. मी पहिल्यांदा चक्क आजीची गोधडी अंथरली होती. पाहुणे हसले, पण फरक त्यांनाही ऐकू आला.

एवढं करूनही घ्यायचंच असेल (आणि घ्याच, मजा वेगळी असते), तर पीएमपीओकडे बघू नका, आरएमएस (सलग देता येणारे खरे वॅट) विचारा. तेही पटलं नाही तर खोक्याच्या पाठीवरची पट्टी वाचा. 60 वॅट वीज खाणारा डबा 3000 वॅटचा आवाज आणणार कुठून? आणि या बजेटमध्ये छतावर आवाज आपटून वरून पाऊस पाडण्याची भाषा करणारे साउंडबार मला पटत नाहीत. त्याला सपाट, कडक छत लागतं, आणि आपल्याकडे पीओपीचे कंगोरे आणि मधोमध पंखा.

वायरींचा कंटाळा असेल तर वेगळा सेंटर आणि वूफर असलेला 3.1 साउंडबार घ्या आणि विषय संपवा. नसेल, तर मी केलं तसं करा. 2019 मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा अँप्लिफायर) 9 हजारांना, दोन बुकशेल्फ स्पीकर 8 हजारांना आणि महिनाभराने सेंटर 5 हजारांना आणला. पुढच्या वर्षी बोनस झाल्यावर सबवूफर, म्हणजे फक्त बासचा वूफर. मागचे सराउंड शेवटी आले, आणि खरं सांगायचं तर ते नसते तरी चाललं असतं. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चक्कर मारा.

जुना रिसीव्हर घेताना दुकानातच टेस्ट टोन लावायला सांगा. एकेका स्पीकरमधून 'श्श्श' फिरत जातं, एखादं चॅनल मेलेलं असेल तर तिथेच कळतं. आवाजाचं बटण हळूहळू फिरवून खरखर येते का बघा. सगळे एचडीएमआय पोर्ट लावून बघा, एकावर समाधान मानू नका. फार जुना असेल तर त्यातून 4के चित्र जाणार नाही, पण त्याने बिघडत नाही. स्टिक किंवा बॉक्स सरळ टीव्हीला लावायचा आणि फक्त आवाज एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरीतूनच उलट बाहेर पाठवायची सोय) रिसीव्हरकडे आणायचा. एआरसी 2009 च्या एचडीएमआय 1.4 पासून आहे, तेवढी सोय असली की पुरे. आणि दुकानदाराच्या तयार सेटमधले स्पीकर काढून रिसीव्हरला लावू नका. ते बरेचदा 3-4 ओहमचे असतात, आणि रिसीव्हरच्या पाठीवर 6 किंवा 8 लिहिलेलं असतं; ओहम कमी, तितका रिसीव्हरवर ताण जास्त.

एआरसीवरच निम्मे लोक अडकतात. टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय पोर्टांवर ते नसतं, ज्याच्याशेजारी एआरसी छापलंय त्याच पोर्टात वायर हवी. मग टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू करावं लागतं, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाने त्याचं वेगळं बारसं केलंय: सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. तरीही आवाज आला नाही तर दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. रिमोटने बंद करून भागत नाही. आवाज येतो पण रिसीव्हरवर सारखं स्टिरिओच दिसतं? मग टीव्हीच्या डिजिटल आउटपुटमध्ये पीसीएम (इथे साधा दोन चॅनलचा आवाज) निवडलेलं असणार, ते ऑटो किंवा पास थ्रू करा. केबलच्या चॅनलवर मात्र 5.1 शोधत बसू नका, तिथे बहुतेक दोनच चॅनल येतात.

मांडणीचा नियम एकच पाळा: डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर तुमचं डोकं. सेंटर टीव्हीच्या खाली, तोंड थोडं वर, कानाकडे. त्याला शोकेसमध्ये आत ढकलून पुढे फोटोफ्रेम उभी करू नका. सोफा हॉलच्या बरोबर मध्यावर असेल तर बास गायब होतो आणि मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर नको इतका घुमतो. 14 फुटांच्या खोलीत 40 हर्ट्झच्या आसपासची लाट भिंतीला सगळ्यात जोरदार असते आणि मध्यात नाहीशी होते, म्हणून. भिंतीपासून फूटभर जरी पुढे आलात तरी फरक पडतो.

सबवूफरची जागा शोधायची युक्ती जरा लाजिरवाणी आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवायचा. बासवालं एखादं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐकायचं. जिथे ढोल भरीव आणि स्पष्ट लागेल, घुमणार नाही, तिथे नंतर सबवूफर ठेवायचा. मी रांगत असताना बायकोने काढलेला व्हिडिओ आजही आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरतो. पण आमचा सबवूफर कोपऱ्यातून निघून चपलांच्या रॅकशेजारी गेला आणि काकांच्या तक्रारी निम्म्या झाल्या. उरलेल्या निम्म्या त्याच्या पायांखाली जाड रबर घातल्यावर.

तारा जोडताना घाई करू नका. माझा रिसीव्हर आवाज थोडा वाढवला की टक्कन बंद पडायचा आणि 'प्रोटेक्ट' असं दाखवायचा. दुकानदार म्हणाला, आयसी गेला. घरी येऊन टॉर्च लावून मागे पाहिलं, तर सोललेल्या तारेचा केसासारखा एक धागा लाल टर्मिनलमधून निसटून काळ्याला टेकलेला. टोकं पिळली, परत घट्ट बसवली, झालं. तारांच्या तोंडी केळीसारखे प्लग लावलेत तर हा त्रासच संपतो. लाल-काळं एका बाजूला उलटं झालं असेल तर काही जळत नाही, पण बास पातळ होतो आणि बोलणारा माणूस पडद्यावर न राहता खोलीभर तरंगतो. तार कुठली कळत नसेल, तर रिसीव्हरपासून सोडवून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार लाल.

रिसीव्हरसोबत माइक मिळाला तर पंखे बंद करून, माइक कानाच्या उंचीवर ठेवून मोजणी करा, म्हणजे कुठला स्पीकर किती लांब आणि किती मोठा ते रिसीव्हर स्वतः ठरवतो. आमच्या पहिल्या मोजणीत कुकरची शिट्टी झाली आणि डावा स्पीकर सहा मीटर लांब गेला! सबवूफर आहे त्यापेक्षा लांब दाखवतो, तो आकडा मात्र बदलू नका. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ रिसीव्हर अंतरात मोजतो, दर मिलिसेकंदाला सुमारे 34 सेंटिमीटर. मोजणीनंतर छोटे स्पीकर 'लार्ज' (खोल बासही त्यांच्याच गळ्यात) झाले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो तो आकडा, 80 हर्ट्झ ठेवा, अगदीच मूठभर स्पीकर असतील तर 120. मग सेंटरचा आवाज हाताने दोन-तीन डेसिबल वाढवा. पुस्तकाप्रमाणे हे चूक असेल, पण आईला सिरियल कळली ती याने.

ओठ आणि आवाज मागेपुढे होत असतील तर ऑडिओ डिले किंवा लिप सिंक नावाची सेटिंग शोधा. ब्लूटूथवर जोडलं असेल तर तिथे वेळ घालवू नका, वायर लावा.

आणि रिसीव्हरवर विणलेला रुमाल नको, गणपतीची मूर्तीही नको, वरती चार-पाच इंच मोकळं ठेवा. तो तापतो.

रविवारी काळी वायर काढून पाहा आणि घुंऽऽ थांबलं का ते कळवा. नाही थांबलं, तर अँप्लिफायरच्या मागच्या बाजूचा सगळ्या वायरींसकट एक फोटो टाका.